शाळेत मुलाला त्रास देतायत? न्यू जर्सीत एचआयबीची तक्रार कशी करायची, पहिल्या इमेलपासून अपीलपर्यंत

आमचा मुलगा सहावीत असताना त्याचा डबा रोज जसाच्या तसा परत यायला लागला. मला वाटलं वाढतं वय आहे, पोळी-भाजीचा कंटाळा आला असेल, म्हणून मी सँडविच द्यायला लागले, तेही परत. मग एका रविवारी त्याचा फोन चार्जिंगला लावताना बसमधल्या मुलांचं ग्रुप चॅट दिसलं, ग्रुपचं नावच त्याच्या डब्याच्या वासावरून ठेवलेलं, आणि आत त्याच्या आडनावाची मोडतोड, त्याच्या बोलण्याची नक्कल केलेले व्हॉइस मेसेज, त्याचा जेवतानाचा चोरून काढलेला फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शाळेत फोन केला. पलीकडून फार आपुलकीने बोलले, आम्ही लक्ष घालतो, मुलांना एकत्र बसवून बोलतो म्हणाले. तीन आठवडे गेले तरी काहीच नाही. शेवटी समजलं की माझ्या फोनची कुठेही नोंदच झालेली नव्हती.

ते तीन आठवडे तुमच्या मुलाचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितेय. एडिसन, साउथ ब्रन्स्विक, प्लेन्सबरो, जर्सी सिटी, कुठेही असा, पब्लिक स्कूल असेल (चार्टर स्कूलही त्यातच आली) तर न्यू जर्सीचा कायदा तुमच्या बाजूने आहे आणि बऱ्यापैकी कडक आहे. फक्त तो चालतो कागदावर आणि तारखांवर. तोंडी सांगितलेलं कायद्याने पुढे जायलाच हवं, पण ते गेलं की नाही हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही.

कायदा थोडक्यात

अमेरिकेत बुलिंगसाठी असा एकच केंद्राचा कायदा नाही, हे राज्यांवर सोडलेलं आहे. १९९९ मध्ये जॉर्जियाने सुरुवात केली आणि २०१५ मध्ये माँटाना आलं तेव्हा पन्नासच्या पन्नास राज्यं पूर्ण झाली, पण प्रत्येकाची व्याख्या वेगळी आणि मुदती वेगळ्या. न्यू जर्सीत पहिला कायदा २००२ चा. सप्टेंबर २०१० मध्ये रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी टायलर क्लेमेंटीने आत्महत्या केली, रूममेटने वेबकॅमवरून त्याच्यावर नजर ठेवली होती, त्या प्रकरणाने सगळा देश हादरला, आणि तेव्हा आधीच तयार होत असलेलं विधेयक झपाट्याने पुढे सरकलं. जानेवारी २०११ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांची सही झाली, अँटी-बुलिंग बिल ऑफ राइट्स अ‍ॅक्ट, सप्टेंबर २०११ पासून लागू. पुढे रॉकअवे टाउनशिपच्या बारा वर्षांच्या मॅलरी ग्रॉसमननेही २०१७ मध्ये आत्महत्या केली, तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि जानेवारी २०२२ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी मॅलरीज लॉवर सही केली. तिच्या स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे तिथल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेने, २०२३ मध्ये तिच्या कुटुंबाशी ९१ लाख डॉलरची तडजोड केली. तुम्ही शाळेत जो फॉर्म भरता, त्याच्यामागे ही मुलं आहेत हे मला तरी विसरता येत नाही.

शाळेत या सगळ्याला एचआयबी म्हणतात, म्हणजे हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन आणि बुलिंग. ही तीन अक्षरं लक्षात ठेवा. "मुलं त्रास देतात" असं लिहिलंत तर कदाचित काउन्सेलरकडे जाईल, "मी एचआयबीची तक्रार करते आहे" असं लिहिलंत की वेगळी गाडी सुरू होते.

एचआयबीत काय बसतं

इथे सगळ्यात जास्त केसेस अडतात म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे बुलिंगला नेमका शब्दच नाही, आपण चिडवणं म्हणतो, खोड्या म्हणतो, दादागिरी म्हणतो, आणि फार झालं तर कॉलेजचं रॅगिंग आठवतं, ज्याच्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. त्यामुळे आपली पहिली प्रतिक्रिया असते की मुलं आहेत, होतं असं, दुर्लक्ष कर. न्यू जर्सीचा कायदा मात्र चार गोष्टी बघतो.

एक, कृती कुठलीही चालते. हावभाव, लिहिलेलं, बोललेलं, मारलेलं, किंवा फोन-कॉम्प्युटरवरून पाठवलेलं. आणि एकदाच झालं तरी चालतं, वारंवार व्हायलाच पाहिजे असं नाही. "अहो पण हे तर एकदाच झालंय" असं कोणी म्हणालं तर तो मुद्दा कायद्यात टिकत नाही.

दोन, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. त्या त्रासामागे मुलाचं काहीतरी वेगळेपण असल्याचं शहाण्या माणसाला दिसलं पाहिजे. वंश, रंग, धर्म, पूर्वज, मूळ देश, लिंग, लैंगिक कल, जेंडर आयडेंटिटी, अपंगत्व, किंवा "इतर कुठलंही ठळक वैशिष्ट्य". शेवटचे शब्द मुद्दाम मोकळे ठेवलेले आहेत, त्यात वजन, उंची, तोतरेपणा, चष्मा, शाकाहारी असणं, आईवडिलांचे उच्चार असं बरंच काही येऊ शकतं. शिवाय ते वैशिष्ट्य खरं असायचीही गरज नाही, समोरच्याने तसं समजून त्रास दिला तरी पुरे. हे वेगळेपण नाही सापडलं तर शाळा म्हणते की हा दोन मुलांमधला वाद आहे, कॉन्फ्लिक्ट आहे, एचआयबी नाही. बॉलवरून भांडण झालं आणि ढकललं तर तो वाद, पण "तुमच्या देशात परत जा" म्हणत ढकललं तर गोष्ट वेगळी. म्हणून तक्रार लिहिताना नुसतं काय केलं ते नाही, कशावरून केलं तेही लिहायचं. मी पहिल्या इमेलमध्ये "ते त्याच्या डब्यावरून हसतात" एवढंच लिहिलं होतं, मूळ देशाचा आणि धर्माचा उल्लेखच नव्हता. खरं तर त्या चॅटमध्ये दोन्ही स्पष्ट होतं.

तीन, कुठे घडलं. शाळेत, शाळेच्या कार्यक्रमात, स्कूल बसमध्ये. आणि शाळेबाहेर, म्हणजे घरी बसून रात्री अकरा वाजता केलेला मेसेजसुद्धा, जर त्यामुळे शाळेचं काम किंवा मुलाचे शाळेतले हक्क यात मोठा अडथळा आला तर. ही अडथळ्याची अट शाळेत घडलेल्या गोष्टींनाही आहे. "हे शाळेच्या वेळेबाहेरचं आहे, आम्ही काही करू शकत नाही" हे वाक्य खूप पालकांना ऐकायला मिळतं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पेनसिल्व्हेनियाच्या महानॉय केसमध्ये शाळेबाहेरच्या बोलण्यावर शाळेचा अधिकार कमी असतो असं म्हटलं हे खरं, पण त्याच निकालात ठराविक मुलांना लक्ष्य करून केलेलं गंभीर बुलिंग ही शाळेला दखल घेता येईल अशी गोष्ट म्हणून सांगितलेली आहे.

म्हणून रात्रीच्या मेसेजचा शाळेशी धागा तुम्ही जोडून द्यायचा: दुसऱ्या दिवशी मुलगा बसमध्ये चढला नाही, जेवायला कॅफेटेरियात न जाता लायब्ररीत बसला, नर्सकडे पोट दुखतं म्हणून गेला, गणिताची टेस्ट राहिली. तारखांसकट.

चार, परिणाम. मुलाला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल हे समजण्यासारखं होतं, किंवा मुलाचा अपमान झाला, किंवा शिकायचं वातावरणच बिघडलं. यातलं एक असलं तरी चालतं.

पुरावे, आणि एका ठिकाणी थांबायचं

पहिला मोह म्हणजे रागाने सगळं डिलीट करायला लावणं, मुलाचा फोन काढून घेणं. नका करू, निदान त्या दिवशी तरी. स्क्रीनशॉट काढताना नुसता तो एक मेसेज नाही, त्याच्या वरचे-खालचे मेसेज, पाठवणाऱ्याचं नाव किंवा हँडल, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं, म्हणून दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढा. सगळं एका फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे ठेवा आणि स्वतःला इमेल करून ठेवा.

पण कुठल्याही अल्पवयीन मुलाचा किंवा मुलीचा नग्न फोटो किंवा व्हिडिओ त्यात असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा नाही, कोणाला फॉरवर्ड करायचा नाही, "पुरावा म्हणून" प्रिन्सिपललाही पाठवायचा नाही. तो बाळगणं आणि पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. सरळ पोलिसांना फोन करा. असे फोटो काढून टाकायला मदत करणारी टेक इट डाउन नावाची फुकट सेवा आहे, हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची, २०२३ पासून चालू आहे, नाव न सांगता वापरता येते.

मुलाशी बोलताना चौकशी केल्यासारखं करू नका. माझ्या मुलाने सगळ्यात आधी काय विचारलं असेल तर "आता तू शाळेत येणार का?" कारण त्याला तीच भीती होती की आई येईल आणि उद्यापासून आणखी वाढेल. त्याला कायदाच सांगितला, की तक्रार केली म्हणून कोणी सूड घेतला तर त्यालाही वेगळी शिक्षा आहे. त्याने तेवढ्याने विश्वास ठेवला असं नाही, पण रात्री स्वतःहून येऊन आणखी दोन गोष्टी सांगितल्या. आणि मूल जगायचं नाही असं काही बोललं, अगदी सहज बोललं तरी, तक्रार-बिक्रार नंतर, आधी ९८८ वर, म्हणजे आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनवर, फोन किंवा मेसेज करा, तिथे रात्रंदिवस माणूस असतो.

लेखी तक्रार

मॅलरीज लॉ नंतर राज्याचा एक ठरलेला फॉर्म आहे, एचआयबी ३३८, तो डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर अँटी-बुलिंगच्या पानावर मिळतो. त्याच पानावर शाळेच्या अँटी-बुलिंग स्पेशालिस्टचं आणि डिस्ट्रिक्टच्या अँटी-बुलिंग कोऑर्डिनेटरचं नाव, फोन आणि इमेल असतो, ते तिथे देणं शाळेवर बंधनकारक आहे. फॉर्म भरा आणि तो इमेलला जोडून प्रिन्सिपल, स्पेशालिस्ट, कोऑर्डिनेटर तिघांना एकाच वेळी पाठवा. हातात नेऊन देत असाल तर आपल्या कॉपीवर तारखेचा शिक्का मारून घ्या.

इमेल छोटी ठेवायची. पहिल्याच वाक्यात, मी अमुक विद्यार्थ्याची आई, एचआयबीची लेखी तक्रार करत आहे. मग घटना तारखेप्रमाणे, प्रत्येकीला दोन-तीन ओळी: कधी, कुठे, कोण होतं, काय म्हणालं किंवा केलं, मूळ शब्द जसेच्या तसे, आणि कोणी बघितलं. घाण शब्द असतील तर तेही तसेच लिहायचे, आपण संकोचाने "वाईट बोलले" लिहितो आणि तपास करणाऱ्याला गांभीर्यच कळत नाही. मग हे कशावरून होतंय ते एका वाक्यात, उदाहरणार्थ मूळ देश, धर्म, रंग. मग मुलाच्या शाळेवर झालेला परिणाम. मग आज काय हवंय: बसमधली जागा, लॉकर, जेवणाचं टेबल. शेवटी, तपास सुरू झाल्याचं लेखी कळवा.

राग बाहेर ठेवा. दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांबद्दल एक अक्षर नको. आणि त्यांना स्वतः फोन करू नका, व्हॉट्सअ‍ॅप तर नाहीच, विशेषतः ते आपल्या ओळखीचे, मराठी मंडळातले असतील तर मन फार होतं "आपसात मिटवू" म्हणायचं, पण एकदा तिथे शब्दाला शब्द लागला की तपासात दोन्ही मुलं एकमेकांशी भांडत होती असंच दिसतं.

निनावी तक्रारही करता येते. पण फक्त निनावी तक्रारीवरून कुणाला औपचारिक शिक्षा देता येत नाही, म्हणून नाव द्यायला जमत असेल तर द्या.

आता घड्याळ

हे फ्रिजवर लावण्यासारखं आहे. शाळेच्या कुठल्याही कर्मचाऱ्याने बघितलं किंवा खात्रीशीर ऐकलं तर त्याच दिवशी प्रिन्सिपलला तोंडी सांगायचं आणि शाळेच्या दोन दिवसांत लेखी द्यायचं. प्रिन्सिपलने दोन्ही बाजूंच्या पालकांना कळवायचं. तक्रार आल्यापासून शाळेच्या एका दिवसात तपास सुरू, तो करतो अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट, आणि लेखी तक्रारीपासून शाळेच्या १० दिवसांत पूर्ण. मग दोन दिवसांत रिपोर्ट सुपरिंटेंडंटकडे, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे. तिथून पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये निकाल बोर्डासमोर, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनसमोर. त्यानंतर शाळेच्या पाच दिवसांत तुम्हाला लेखी पत्र.

शाळेचे दिवस म्हणजे कॅलेंडरचे दिवस नव्हेत, इथेच गल्लत होते. समजा ६ ऑक्टोबर २०२५, सोमवारी तक्रार दिली. मंगळवार ७ पहिला दिवस. १३ ला कोलंबस डेची सुट्टी असली तर तो धरायचा नाही. मग दहावा दिवस येतो मंगळवार २१ ऑक्टोबर. त्यात २० तारखेला दिवाळीची सुट्टी असली, जी आता आपल्या भागातल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टना असते, तर २२. नोव्हेंबरच्या सुरुवातीला टीचर्स कन्व्हेन्शनचे दोन दिवस जातात, स्नो डे पण नाही धरायचा. डिस्ट्रिक्टचं कॅलेंडर आणि बोर्ड मीटिंगच्या तारखा समोर घेऊन तुमच्या सगळ्या तारखा आधीच लिहून काढा, आणि एखादी चुकली की त्याच दिवशी दोन ओळींची नम्र इमेल टाका, "आज दहावा दिवस आहे, तपास पूर्ण झाला का ते कृपया कळवा." भांडायचं नाही, फक्त तारीख सांगायची. मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग याच इमेलचा झाला.

एक वळण सांगायलाच हवं. काही डिस्ट्रिक्टच्या पॉलिसीत प्रिन्सिपलला प्राथमिक निर्णयाची मुभा असते, म्हणजे तुम्ही सांगितलेलं सगळं खरं धरलं तरी ते एचआयबीच्या व्याख्येत बसत नाही असं म्हणून तपास न करणं. तसं झालं तर ते सुपरिंटेंडंटकडे कळवावं लागतं, सुपरिंटेंडंट तरीही तपास लावू शकतात, आणि तुम्हाला बोर्डाकडे अपील करता येतं. वर मी वेगळेपण लिहा, शाळेशी धागा जोडा म्हणून एवढं बजावलं ते याच्यासाठी, कारण हा निर्णय फक्त तुमच्या कागदावरून होतो.

तपास चालू असताना

स्पेशालिस्ट बहुतेक वेळा शाळेचेच काउन्सेलर असतात, ते मुलांशी वेगवेगळं बोलतात, साक्षीदारांशी बोलतात. तुमच्या यादीतल्या साक्षीदारांची नावं त्यांना मिळाली का ते विचारा. नवीन काही घडलं तर जुन्या इमेलला चिकटवत बसू नका, नवीन तारखेची नवी माहिती म्हणून पाठवा.

सुरक्षिततेसाठी बदल करायचे असतील तर ते तुमच्या मुलाला हलवून करू नका असं स्पष्ट म्हणा. आमच्याकडे पहिला प्रस्ताव आला तो म्हणजे आमच्या मुलाने बसमध्ये पुढे ड्रायव्हरच्या मागे बसायचं. त्याला ती शिक्षाच वाटली, आणि बाकीच्या मुलांनाही तसंच वाटलं. आम्ही नाही म्हटलं, लेखी, आणि मग दुसऱ्या मुलांच्या जागा बदलल्या.

मुलाला आयईपी किंवा ५०४ प्लॅन (अपंगत्व असलेल्या मुलासाठी शाळेने लेखी ठरवलेली खास मदत) असेल तर वेगळी मीटिंग मागा, कारण त्रासामुळे त्याच्या शिकण्यावर परिणाम होत असेल तर ती तो प्लॅन करणाऱ्या टीमचीही जबाबदारी होते.

पत्र आलं, आता पुढे

पत्रात तीन गोष्टी असतात: तपास कशाचा झाला, एचआयबी सापडलं की नाही, आणि शिक्षा झाली किंवा मदत दिली गेली का. दुसऱ्या मुलाला नेमकी काय शिक्षा झाली ते सांगत नाहीत, विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवायचा केंद्राचा कायदा आहे, त्यावर वेळ घालवू नका. तुमच्या मुलाला उद्यापासून काय मिळणार आहे त्यावर बोला.

निकाल पटला नाही तर बोर्डापुढे सुनावणी मागता येते, पत्र मिळाल्यापासून ६० कॅलेंडर दिवसांच्या आत, आणि मागितल्यापासून १० दिवसांत ती घ्यावी लागते. ती बंद दाराआड होते, प्रेक्षक नसतात, म्हणून घाबरायचं कारण नाही. दहा-पंधरा मिनिटं मिळतील असं धरून चाला. पूर्ण गोष्ट परत सांगू नका, ती त्यांनी वाचलेली असते. कुठे चुकलं तेवढं सांगा: हे दोन साक्षीदार विचारलेच नाहीत, हा स्क्रीनशॉट रिपोर्टमध्ये नाही, मूळ देशाचा उल्लेख सोडून दिलाय, दहाऐवजी अठरा दिवस लागले. प्रत्येकाच्या हातात देता येईल असं एक पान नेलं तर फारच चांगलं. बोर्ड सुपरिंटेंडंटचा निर्णय कायम करतं, फेटाळतं किंवा बदलतं, आणि ते लेखी देतं.

त्याच्यावर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे ९० दिवसांत अपील. इथे खरं ते सांगते, आयुक्त बोर्डाचा निर्णय सहज फिरवत नाहीत, तो मनमानी किंवा निराधार होता हे दाखवावं लागतं, आणि या पायरीला वकील घेतलेला बरा. त्रास वंश, धर्म, मूळ देश, अपंगत्व अशा कारणावरून असेल तर राज्याच्या सिव्हिल राइट्स डिव्हिजनकडे घटनेपासून १८० दिवसांत स्वतंत्र तक्रार करता येते, आणि हे १८० दिवस शाळेच्या अपीलसाठी थांबत नाहीत. शाळेचा निकाल येऊ दे मग बघू म्हणता म्हणता ही तारीख निघून जाते. २००७ मध्ये टॉम्स रिव्हरच्या केसमध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलंय की एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला अशा कारणावरून सतत छळलं आणि शाळेने योग्य पावलं उचलली नाहीत तर डिस्ट्रिक्टवर भेदभावविरोधी कायद्याखाली दावा होऊ शकतो.

धमकी, पाठलाग, मारहाण असेल तर पोलीस. ऑनलाइन छळासाठी २०१४ पासून न्यू जर्सीत सायबर-हॅरॅसमेंट हा वेगळा गुन्हा आहे. पोलिसात गेलात म्हणून शाळेचा तपास थांबतो असं नाही, दोन्ही चालू राहू शकतात.

आपलंच मूल दुसऱ्या बाजूला असेल तर

हा भाग लिहायला जड जातंय पण सोडणार नाही. आपली मुलंही त्रास देतात. इथे जन्मलेली मुलं नुकत्याच आलेल्या मुलांच्या इंग्लिशवर हसतात, "फॉब" म्हणतात, म्हणजे नुकतेच बोटीतून उतरलेले. रंगावरून, आडनावावरून, जातीवरून, कोण कुठल्या टाउनमध्ये भाड्याने राहतं यावरून बोलतात, आणि हे शब्द बऱ्याचदा आपल्याच जेवणाच्या टेबलावरून गेलेले असतात. त्या बसमधल्या ग्रुपमध्ये पाचपैकी दोन मुलं देसी होती.

शाळेचं पत्र आलं तर पहिलं वाक्य "माझा मुलगा असं करणार नाही" हे नको. मुलाचा फोन घ्या, सगळं वाचा, काहीही डिलीट करू नका. तुम्हालाही कळवायचा, तपासाचं लेखी पत्र मिळायचा आणि बोर्डापुढे बोलायचा तितकाच हक्क आहे, आणि खरंच चुकीचं नाव गोवलं गेलं असेल तर तो वापरा. पण केलं असेल तर मान्य करा. कायदा चढत्या पायऱ्यांचा आहे, पहिल्या आणि दुसऱ्या वेळी तपासाच्या निकालाची प्रत मुलाच्या रेकॉर्डमध्ये जाते, समुपदेशन किंवा शिक्षा होऊ शकते, तिसऱ्यापासून प्रिन्सिपलना त्या मुलासाठी वेगळा प्लॅन करावा लागतो आणि पालकांसोबत क्लास करायला लावू शकतात. गोष्ट कोर्टापर्यंत जाऊन मूल दोषी ठरलं आणि कोर्टाने सांगितलेल्या क्लासला पालक गेले नाहीत तर मॅलरीज लॉप्रमाणे आधी १०० डॉलर, परत केलं तर ५०० डॉलर दंड आहे. पूर्वी हा २५ डॉलरपासून होता. त्याहून मोठं म्हणजे, माहीत असून दुर्लक्ष केलं असं ठरलं तर आईवडिलांवर दिवाणी जबाबदारी येऊ शकते.

न्यू जर्सीबाहेर असाल तर

पद्धत तीच, लेखी आणि तारखेसकट, फक्त नावं आणि मुदती बदलतात. न्यू यॉर्कमध्ये डिग्निटी फॉर ऑल स्टुडंट्स अ‍ॅक्ट आहे, २०१२ पासून लागू, सायबरबुलिंग २०१३ मध्ये जोडलं, आणि प्रत्येक शाळेत एक डिग्निटी अ‍ॅक्ट कोऑर्डिनेटर असतो, त्यांनाच लिहायचं. टेक्सासमध्ये २०१७ चा डेव्हिड्स लॉ, तक्रार आल्यापासून कामाच्या तिसऱ्या दिवसापर्यंत त्रास झालेल्या मुलाच्या पालकांना कळवायला लागतं. इलिनॉयमध्ये शाळेला समजल्यावर २४ तासांत पालकांना कळवायचा नियम आहे. कॅलिफोर्नियात सेथ्स लॉ, २०१२ पासून, कर्मचाऱ्याने समोर घडताना बघितलं आणि सुरक्षित असेल तर तिथल्या तिथे मध्ये पडलंच पाहिजे. तुमच्या राज्याची व्याख्या मात्र स्वतः वाचा, कारण न्यू जर्सीसारखं "एकदाच झालं तरी" सगळीकडे नाही, आणि वेगळेपणाची अटही सगळीकडे नाही.

आणि भाषेची अडचण असेल, घरी आजी-आजोबाच मुलांचं बघत असतील किंवा तुम्हाला इंग्लिशमध्ये भांडल्यासारखं बोलता येत नसेल, तर शाळेकडे दुभाषी मागा. १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याखाली पब्लिक स्कूलला पालकांशी त्यांना समजेल अशा भाषेत बोलावं लागतं, आणि त्याचे पैसे तुम्ही द्यायचे नसतात. मराठी दुभाषी फोनवर मिळतो, मीटिंगच्या दोन-तीन दिवस आधी इमेलने सांगून ठेवायचं. ज्या मुलाबद्दल मीटिंग आहे त्यालाच मध्ये बसवून "आईला सांग काय म्हणतायत ते" असं कोणी म्हणालं, तर मीटिंग तिथेच थांबवा आणि दुसरी तारीख घ्या.